एका बहिणीची एकतीस मुले

मी, गेरेवाझियो नामकुम्बा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, झोम्बा येथील मॅजिस्ट्रेटच्या कोर्टातून निवृत्त झालेला पुकारा करणारा शिपाई, राहणार नाकुलेंगा गाव, आज सोमवार दिनांक ९ ऑक्टोबर २०२३ रोजी, सकाळची मक्याची पेज पिऊन, दात घासून, अंगात स्वच्छ सदरा घालून हे लिहायला बसलो आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी काही पाजलेले नाही. अक्षर माझेच आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. फक्त त्या ठिकाणी सध्या गर्दी फार झाली आहे, त्यामुळे कलमे क्रमाने लागतील अशी हमी देता येत नाही. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे.

डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो खिडकीच्या उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला आणि त्यानंतर ते माझ्याशी एकदम आदराने बोलायला लागले. चाळीस वर्षे कोर्टात काढल्यावर माणसाला निकाल ऐकण्याआधीच कळतो.

याआधी मी एकदाही मृत्युपत्र केलेले नाही. सहा वर्षांपूर्वी करायला घेतले होते, पण पहिल्याच कलमात मेहुण्याबद्दल लिहिता लिहिता कागद संपला. तो कागद बायबलमध्ये ठेवला आहे. सापडल्यास जाळावा.

कलम पहिले. घर.

माझे विटांचे तीन खोल्यांचे घर, वर पत्रे, मागे आंब्याचे झाड, शेजारी कोंबड्यांचे खुराडे. आमच्यात मूल आईच्या कुळाचे. त्यामुळे मामाचे घर भाच्याला जाते, मुलाला जात नाही, हे मी कोणाला नव्याने सांगायला नको. माझी बहीण अनासिया हिचा मुलगा लॅक्सन हे चांगले जाणून आहे. गेल्या ईस्टरला तो भेटायला आला तेव्हा मी आत चहा ठेवत होतो. बाहेर येऊन पाहतो तर हा खिशातून टेप काढून भिंत मोजतोय.

"काय रे, काय चाललंय?"

"काही नाही मामा. सहज. भिंत सरळ आहे का बघत होतो."

"मग? आहे का?"

"आहे. पंधरा फूट सरळ आहे."

तेव्हा माझी इच्छा अशी. अनासिया जिवंत असेतो हे घर तिचे. तिच्यानंतर ते रस्त्यापलीकडच्या मकुयु बालगृहाचे. विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, वर मजला चढवायचा नाही. ज्यांना घरात मारले, डागले, कोंडले किंवा नुसतेच विसरून गेले, अशी मुले त्या बालगृहात येतात. बालगृह चालवणाऱ्या अमायी मसेका (अमायी म्हणजे आई) त्यांना वाढवतात. अठरावे सरले की त्यांना बाहेर पडावे लागते. मग कोणी ब्लांटायरला गवंडीकाम धरतो, कोणी चहाच्या मळ्यात जातो. नाताळ आला की सगळे जग बोचकी बांधून आपल्या गावी निघते आणि ही पोरे बसथांब्यावर उभी राहून दुसऱ्यांना हात करतात. त्यांच्यासाठी हे घर. किल्ली शेजारी राहील. ज्याला यायचे त्याने यावे, आंबे खावेत, अंगण झाडावे. "कधी जाणार?" हे कोणी कोणाला विचारू नये. एवढी एकच अट.

लॅक्सनला माझा रेडिओ. आणि आणखी एक गोष्ट, जी पुढे येईल. ती ऐकून तो खूश होईल असे वाटत नाही.

कलम दुसरे. एकतीस भाचे.

हे कलम कायद्याच्या दृष्टीने सगळ्यांत नाजूक आहे, म्हणून जसे घडले तसे लिहितो.

कोर्टात माझे काम हाका मारण्याचे. दारात उभे राहायचे, नाव तीनदा पुकारायचे, ज्याचे नाव तो आला की आत सोडायचे. माझा आवाज बाजारातल्या सुक्या मासळीच्या ओट्यापर्यंत जायचा. बायका म्हणायच्या, नामकुम्बा ओरडला, म्हणजे नऊ वाजले.

२००३ साली जून महिन्यात एलुबे नावाची सहा वर्षांची मुलगी कोर्टात आणली. तिने शेंगदाण्याचे पीठ चोरून खाल्ले म्हणून सावत्र बापाने तिचे दोन्ही हात चुलीवर धरले होते. हातांना फडकी बांधलेली. आई वारलेली. बालगृह तिला घ्यायला तयार होते. पण आमचे साहेब जुन्या वळणाचे. ते म्हणाले, "मुलीच्या मामाच्या तोंडून होकार आल्याशिवाय मी सही करणार नाही. उद्या कुळातला कोणी उठून म्हणेल, आमची मुलगी आम्हाला न विचारता दिली. मामा येत नाही तोवर ती आहे तिथंच राहील." आहे तिथे म्हणजे त्याच घरात.

"पुकारा कर," साहेब म्हणाले.

मी दारात गेलो. "एलुबेचा मामा हजर आहे का?" कोणी नाही. दुसऱ्यांदा ओरडलो. बाहेर बसलेल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिले आणि परत आपापले ऊस सोलू लागले. तिसऱ्या हाकेआधी मी वळून पाहिले. ती पोर बाकावरून पुढे झुकून दाराकडे बघत होती. हा माणूस एवढ्या मोठ्याने बोलावतोय म्हणजे कोणीतरी असणारच, असे तिला वाटत होते. ते मला बघवले नाही.

तिसरी हाक मारली आणि मीच ओ दिली.

साहेब म्हणाले, "नामकुम्बा, तू?"

"होय साहेब. बहिणीची मुलगी."

"मग सकाळपासून का बोलला नाहीस?"

"मला कोणी विचारलं नाही साहेब. मी फक्त पुकारत होतो."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि माझे नाव लिहून घेतले. मी बायबलवर हात ठेवून शपथ घेतली. खोटी घेतली.

एकदा रस्ता पडला की माणसे चालू लागतात. पुढच्या वर्षी लोटी आला. सात वर्षांचा. त्याला धान्याच्या कणगीत कोंडून घरचे लोक कामाला जायचे. किती दिवसांचे कोंडणे होते ते त्याला सांगता आले नाही, कारण त्याला मोजता येत नव्हते. त्याच्याही मामाला मी तीनदा हाक मारली. त्यानंतर एकामागून एक. निवृत्त होईपर्यंत माझ्या बहिणीला कोर्टाच्या दप्तरात एकतीस मुले झाली होती.

अनासियाला हे बाजारात कोणीतरी सांगितले. ती टोपली डोक्यावर तशीच घेऊन कोर्टात आली आणि व्हरांड्यात, वकिलांसमोर, मला म्हणाली, "गेरेवाझियो, मला न विचारता माझी एकतीस बाळंतपणं केलीस! एखाद्याच्या वेळी निदान शेक-शेगडी तरी करायचीस!"

मी म्हटले, "हळू बोल गं. साहेब आत आहेत."

"साहेबांना सांग, बाळंतीण आलीय म्हणावं. कोंबडी कापा."

पण त्याच संध्याकाळी ती बालगृहात गेली आणि कोणकोण आपली ते नावानिशी विचारून आली. तेव्हापासून दर रविवारी रताळी घेऊन जाते. माझ्या बहिणीवर मी आयुष्यभर अन्याय केला आणि तिने तो उकडून लोकांना खाऊ घातला.

कलम तिसरे. घोटाळा.

मामा म्हणजे नुसती कागदावरची सही नव्हे. आमच्याकडे लग्न मामांमध्ये ठरते. मुलीकडचा न्खोस्वे, म्हणजे तिचा मामा, कोंबडी घेऊन येतो. मुलाकडचा न्खोस्वे कोंबडा घेऊन येतो. चार माणसांसमोर दोघे त्यांची अदलाबदल करतात आणि लग्न पक्के होते. पुढे नवराबायकोत वाजले की दोन्ही मामांना बसवून ऐकवायचे. न्खोस्वे नाही तर लग्न नाही, नुसते एकत्र राहणे. एकतीसपैकी नऊजणांच्या लग्नात मी उभा राहिलो. त्यांची भांडणेही ऐकली. एका जोडप्याचे भांडण मीठ या विषयावर चार वर्षे चालले आहे.

एलुबे आता सव्वीस वर्षांची आहे. बालगृहातच धाकट्या मुलांना सांभाळते. लोटी गवंडी झाला. चार वर्षांपूर्वी तो बालगृहाचे स्वयंपाकघर बांधायला आला, आणि तीन आठवड्यांचे काम त्याने पाच महिने केले. लहानपणी ही दोघे एकमेकांच्या ताटातले ओढायची. या ऑगस्टमध्ये दोघे माझ्या अंगणात येऊन चटईच्या दोन टोकांना बसली, आणि एलुबे म्हणाली, "मामा, आम्हाला लग्न करायचंय."

मला इतका आनंद झाला की मी खुराड्यात जाऊन स्वतःच एक कोंबडी आणि एक कोंबडा धरला आणि तसाच गावप्रमुखांकडे गेलो. एक डाव्या काखेत, एक उजव्या. गावप्रमुखांनी खुर्ची दिली. "मुलगी कुणाची?"

"माझी भाची. एलुबे."

"वा. आणि मुलगा?"

"माझा भाचा. लोटी."

गावप्रमुख माझ्या दोन्ही काखांकडे आळीपाळीने बघू लागले. "म्हणजे कोंबडी तू देणार आणि घेणारही तूच? डाव्या हातातून उजव्या हातात?"

तोवर माझ्या डोक्यात उजेड पडलेला नव्हता. मी म्हटले, "हो. त्यात काय अवघड आहे?"

"अरे बाबा," ते म्हणाले, "एका बहिणीची दोन मुलं. भाऊ-बहीण झाली की! ह्यांचं लग्न लावून मला गावातून हाकलून द्यायचा विचार आहे का तुझा?"

मी म्हटले, ती खरी भाऊ-बहीण नाहीत, हे सगळ्या गावाला माहीत आहे. ते म्हणाले, "मग चार लोकांसमोर म्हण, की तू त्यांचा मामा नाहीस." दोघांबद्दल म्हणायचे तर एकतीसजणांबद्दल म्हटल्यासारखे होते. नऊ लग्ने पोकळ ठरतात. कोर्टातल्या एकतीस सह्या खोट्या ठरतात. ज्यांना मी सांगितले की तुमचे कोणीतरी आहे, त्या सगळ्यांना सांगावे लागते की नव्हते. "एकालाच सोड," गावप्रमुख म्हणाले. "दोघांपैकी कोणाला सोडायचं ते ठरव आणि ये. उरलेलं लग्न मी लावून देतो."

घरी येताना कोंबडा सुटला. दोन दिवस सापडला नाही.

कलम चौथे. (हे कलम रद्द आहे, तरी वाचावे.)

लोटी हा माझा भाचा नाही. २००४ साली मी शपथेवर जे सांगितले ते चूक होते असे मी या मृत्युपत्राद्वारे जाहीर करतो. त्याचा माझ्या कुळाशी काही

इथे थांबलो. लोटीला हे मी आधी तोंडी सांगितले होते. तो भिंतीचा गिलावा करत होता, थापी न थांबवता म्हणाला, "चालेल मामा. मलाच सोडा. मला सवय आहे." हे तो सहज म्हणाला. मी तिथून उठून गेलो आणि मळ्याच्या बांधावर बसलो, कारण मला रडू येत होते आणि म्हाताऱ्या माणसाने पोरांसमोर रडू नये.

कलम पाचवे. (हेही रद्द.)

एलुबे ही माझी

एवढेच लिहून झाले. ती कागद वाचत माझ्या मागे उभी होती. तिने माझ्या हातून पेन काढून घेतले. तिच्या बोटांवरची कातडी अजून तुळतुळीत आहे, पेन नीट धरता येत नाही, तरी घट्ट धरले. म्हणाली, "कुणालाही खोडलंत तर मी लग्न करणार नाही. तुम्ही तिसऱ्या हाकेला ओ दिली होती मामा. आता मागे नाही घ्यायची." आणि मग रागावून, "आणि आधी चहा प्या. थंड झालाय."

म्हणून मी आज, मंगळवारी, असे लिहितो: या दोघांपैकी कोणालाही सोडण्याचा अधिकार मला आहे की नाही हे मला समजत नाही. ठेवण्याचा तरी कुठे होता? शपथ खोटी होती, पण वीस वर्षे मी तिच्याप्रमाणे वागलो. मग ती खरी झाली का? साहेब असते तर विचारले असते. ते वारले. मी गोंधळलेलो आहे, हे मृत्युपत्रात लिहिणे चालते की नाही तेही ठाऊक नाही, पण शुद्धीत असलेला माणूसच असे लिहील.

कलम सहावे. सायकल, आणि विल्फोर्ड चिपेता याच्याबद्दलची जुनी तक्रार.

माझी सायकल लोटीला. का, ते असे.

माझी बायको अग्नेस. आमच्या रिवाजाप्रमाणे लग्नानंतर मी तिच्या गावात राहायला गेलो. घरजावई. सव्वीस वर्षे. घरजावयाने शेत कसावे, घर बांधावे आणि तोंड मिटून बसावे. अग्नेसला मूल झाले नाही. तिच्या आईच्या अंगणातल्या बायकांनी तिला बोलून बोलून अर्धी केली. तिचा भाऊ विल्फोर्ड हा सगळ्या बहिणींचा कारभारी. त्याने कधी त्या बायकांना "पुरे" म्हटले नाही.

ज्या दिवशी लोटीला माझा भाचा केले, त्या दिवशी बालगृहात खाट रिकामी नव्हती. आठ दिवस थांबा, म्हणाले. मी त्याला सायकलच्या मागे बसवून अग्नेसकडे नेले. कणगीत बसून बसून त्याचे पाय काटकीसारखे झाले होते, धड उभे राहता येत नव्हते. अग्नेसने पाणी तापवले. त्याला घासूनपुसून काढले. आणि मग तिने त्या सात वर्षांच्या घोड्याला कापडाने पाठीला बांधले आणि ती कामाला लागली. त्याची पावले तिच्या पोटऱ्यांवर आपटत होती. पाणी भरताना, मका कांडताना, आठ दिवस तो तिच्या पाठीवर. न्सीमाचे, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीचे, गोळे करून ती खांद्यावरून मागे द्यायची आणि मागून तोंड यायचे. एवढी हसताना मी तिला कधी पाहिले नव्हते. आठव्या दिवशी ती भावाला म्हणाली, "दादा, हा मी माझा म्हणून ठेवते."

विल्फोर्ड म्हणाला, "कुठलं कुणाचं रक्त. आपल्या अंगणात नको."

अग्नेसने माझ्याकडे पाहिले. कोर्टात माझा आवाज बाजारापर्यंत जायचा. तिथे तो घशाबाहेर पडला नाही. घरजावयाने काय बोलायचे, असे मी स्वतःला समजावले. तिने गाठ सोडली, पोराला खाली उतरवले, आणि मी त्याला याच सायकलवरून बालगृहात नेऊन सोडले. पुढच्या मार्चमध्ये, म्हणजे २००५ च्या, ती तापाने गेली. तिसऱ्या दिवशी विल्फोर्डने माझी चटई गुंडाळून माझ्या हातात दिली. रिवाजच तो, बायको गेली की जावई परत जातो. पण तिसऱ्या दिवशी! अजून घरात तिचा वास होता. तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही.

मी आजवर सगळ्यांना हेच सांगत आलो की दोष त्याचा. आज कागदावर लिहिताना दिसते की तेव्हा त्या अंगणात गप्प बसलेले दोघे होते. याचे काय करायचे तेही मला कळत नाही.

कलम सातवे. बुधवारी अनासिया काय म्हणाली.

ती रताळी घेऊन आली, रद्द केलेली दोन्ही कलमे तिने एलुबेकडून वाचून घेतली आणि म्हणाली, "तुझ्यापेक्षा तुझा कोंबडा हुशार. तो निदान पळून तरी गेला. अरे, लोटी माझा नाहीच."

"तुझाच. दप्तरात आहे."

"दप्तराला काय कळतंय! पाठीला कोणी बांधला होता? अग्नेसने. आठ दिवस. मग तो अग्नेसचा. अग्नेसचा म्हणजे तुझा मुलगा. तुझा मुलगा म्हणजे तिच्या कुळाचा, आपल्या कुळाचा नाही. एलुबे माझी. मामाच्या मुलाशी लग्न करायला आपल्यात कधी कोणी नाही म्हटलंय का? उलट नाचतात."

साठ दिवस मी दोन नावांपैकी एक खोडायच्या मागे होतो. नाव खोडायची गरजच नव्हती. ते एका ओळीतून उचलून खालच्या ओळीत लिहायचे होते, माझ्या आणि अग्नेसच्या नावाखाली.

"पण मग," अनासिया रताळे सोलत म्हणाली, "लोटीचा मामा कोण होईल, सांग बघू."

अग्नेसला भाऊ एकच.

कलम आठवे. गुरुवार.

सायकल चालवण्याची छाती राहिलेली नाही, म्हणून ती हातात धरून पायी गेलो. विल्फोर्ड झाडाखाली टोपली विणत बसला होता. पिकलेला दिसला. मी उभा राहिलो, तसे त्याने मान वर केली.

"अठरा वर्षांनी? चटई परत द्यायला आलास?"

"चटई फाटली," मी म्हटले, आणि खाली बसून सगळे सांगितले. अग्नेसला मूल द्यायचे आहे, तू त्याचा मामा म्हणून उभा राहा, असे. वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर मलाच ते वेड्यासारखे वाटले.

तो विणत राहिला. "मेलेल्या बाईला मूल. लोक हसतील."

"हसतील."

"त्या पोराला नको म्हणणारा मीच होतो ना?"

"हो."

"तूही काही बोलला नव्हतास."

"नाही बोललो."

त्याने टोपलीचा एक फेरा पुरा केला. मग म्हणाला, "नीघ. उन्हं तापतील." मी निघालो. होय म्हणाला की नाही, ते वाटेवर मी पन्नास वेळा मनात उलटसुलट करून पाहिले, पण त्या तीन शब्दांतून काहीच निघेना.

कलम नववे. लॅक्सन.

मामाच्या मागे त्याच्या जबाबदाऱ्या भाच्याकडे जातात. लॅक्सन माझा सख्खा भाचा आहे, हे त्याला वारंवार सांगावे लागते, यातच आमचे काय ते आले. उरलेल्या तीसजणांचा न्खोस्वे म्हणून मी त्याला नेमतो. त्यांची लग्ने, भांडणे, आजारपणे, आणि बालगृहात पुढे जी येतील त्यांच्यासाठी कोर्टात जाऊन बसणे, हे सगळे त्याच्याकडे. शुक्रवारी त्याला बोलावून सांगितले.

"घर त्यांना आणि भांडणं मला?"

"हो."

"मामा, हा कुठला न्याय?"

"रेडिओ तुला आहे ना."

तो तणतणत मिनीबस पकडून गेला. पण संध्याकाळी मिठाचे भांडण असलेले जोडपे आले होते, तर हा परत आला, टेप टेबलावर ठेवली, दोघांचे तासभर ऐकले आणि नवऱ्याला म्हणाला, "आळणी लागतं तर वरून घे की, हात आहेत ना तुला?" चार वर्षांत हे मला सुचले नव्हते. त्याच्याबद्दल काही बाबतीत मी चुकलो असेन.

कलम दहावे. किरकोळ, आणि माझा शेवट.

कोर्टाचा खाकी कोट, पितळी बटणांसह, अमायी मसेका यांना. त्यातून लहान मुलांच्या तीन चड्ड्या निघतील. खुराडे कोंबड्यांसह बालगृहाला. बचत खात्यात असेल ते बालगृहाच्या स्वयंपाकघराला, त्यातून दर रविवारी शेंगदाण्याचे पीठ आणावे आणि ज्याला हवे त्याने हवे तेवढे खावे, न विचारता. अंमलबजावणी अमायी मसेका यांनी करावी. मला पुरण्याआधी माझे नाव तीनदा पुकारावे. पुकारा लॅक्सनने करावा, त्याला सवय व्हायला हवी. तिसऱ्या हाकेलाही ओ आली नाही की मग माती टाकावी.

शेवटचे कलम. शनिवार.

आज सही करायची म्हणून आंब्याखाली सगळे जमले आहेत. आत्ताच जे घडले ते लिहून मग सही करतो.

एलुबेकडची कोंबडी माझ्या मांडीवर. लोटी समोर, नवा सदरा, मान खाली. त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी. गावप्रमुख म्हणाले, "मुलाचा मामा नसेल तर मी उठतो, नामकुम्बा." मग म्हणाले, "तुझा धंदाच तो. हाक मार."

मी उठलो. दम नव्हता. "लोटीचा मामा हजर आहे का?" आवाज फाटका निघाला, रस्त्यापर्यंतही गेला नसेल. कोणी नाही. दुसरी हाक मारली आणि खोकला आला. लोटीने मान वर केली आणि तो फाटकाकडे पाहू लागला, पुढे झुकून, अगदी तसाच.

तिसरी हाक मारली. सवयीने माझे तोंड उघडले. वीस वर्षे जे केले तेच पुन्हा करणार होतो, मीच ओ देणार होतो. एलुबेने तिचा भाजलेला हात माझ्या मनगटावर ठेवला आणि हळूच म्हणाली, "या वेळी नको, मामा."

मी तोंड मिटले.

"हजर आहे," कुंपणापलीकडून आवाज आला. विल्फोर्ड फाटक ढकलून आत आला. काखेत कोंबडा. "केव्हाचा उभा आहे. दोन हाकांना येणाऱ्यातला मी नाही. ओरडतोस कसला हल्ली? पूर्वी आमच्या शेतापर्यंत ऐकू यायचास." तो रिकाम्या खुर्चीत बसला, लोटीकडे पाहिले आणि एवढेच म्हणाला, "उंच झालास. तिच्या पाठीवर मावला नसतास आता." मग त्याने कोंबडा पुढे केला, मी कोंबडी पुढे केली. आमचे हात एकमेकांना लागले. दोघेही आधी सोडेनात, त्यामुळे पक्ष्यांना कोणाकडे जायचे ते कळेना.

२००४ ची शपथ आणि हे मृत्युपत्र एकमेकांशी जुळत नाहीत. दोन्हींपैकी खरे कोणते, हे मला सांगता येत नाही. दोन्ही माझ्या हातची आहेत. लोटी हा माझा आणि मयत अग्नेस हिचा मुलगा आहे. रिवाजाप्रमाणे मुलाला बापाकडून वारसा मिळत नाही. त्याला फक्त सायकल आणि आई मिळते.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, हे मला कोर्टामुळे माहीत आहे. विल्फोर्डला काही न देण्यासाठी याहून चांगले कारण मला सापडले नसते. त्याला ते वाचून दाखवले आहे. तो हसला.

हे सर्व मी वाचले, खाडाखोड माझीच आहे, आणि ती तशीच राहू द्यावी.

ठिकाण: नाकुलेंगा गाव, जिल्हा झोम्बा, आंब्याखाली.
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२३.

सही: गेरेवाझियो नामकुम्बा

साक्षीदार पहिले: माटियास नाकुलेंगा, गावप्रमुख. मृत्युपत्र करणाऱ्याशी नाते: शेजारी.

साक्षीदार दुसरे: विल्फोर्ड चिपेता, टोपल्या विणणारा. मृत्युपत्र करणाऱ्याशी नाते: मेहुणा, गुरुवारपासून बोलणे चालू आहे. लोटी याच्याशी नाते: मामा.